‘खरी पेशंट असती तर गेली असती’ म्हटल्यावर

“अक्का, नमस्कार. मी बेळगावजवळच्या खानापूर भागातल्या एका दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. सर्व्हिसला १८ वर्षं झाली. गेल्या महिन्यात आमच्याकडे बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचं ड्रिल झालं. एका सिस्टरनं पोटाला पिशवी बांधून बाळंतीण व्हायचं, पिशवीतलं लाल पाणी सोडायचं आणि बाकीच्यांनी खरी केस समजून धावायचं. आमची एक नवी मुलगी, नोकरीला लागून सहा महिनेही झाले नाहीत, रक्त थांबवायचं औषध, ऑक्सिटोसिन, आणायला गेली ती फ्रिजपाशीच उभी राहिली. दोन मिनिटं तरी गेली असतील. ड्रिल संपल्यावर डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘एवढा वेळ काय करत होतीस?’ ती गप्प. मग म्हणाले, ‘खरी पेशंट असती तर गेली असती.’ त्यानंतर दोन-चार सूचना दिल्या, सह्या झाल्या, चहा आला. पोरगी बाथरूममध्ये जाऊन रडली. तेव्हापासून लेबर रूमची ड्युटी बदलून मागते. मी तिथंच उभी होते, काही बोलले नाही. पुढच्या महिन्यात परत ड्रिल आहे आणि मी दोन दिवसांचं ट्रेनिंग केलंय म्हणून डीब्रीफिंग, म्हणजे ड्रिलनंतरची चर्चा, मीच घ्यायची ठरलंय. डॉक्टर वाईट नाहीत, रात्री दोनला बोलावलं तरी येतात. पण त्यांच्यासमोर मी काय बोलू? आणि या मुलीचं काय करू?”

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो महिनाभर थांबणारा नाही.

त्या मुलीशी उद्याच बोल. स्टाफ रूममध्ये नको, तिथं भिंतीला कान असतात. ड्युटी सुटल्यावर बसस्टँडपर्यंत तिच्याबरोबर चालत जा. ‘मनाला लावून घेऊ नको’ असं म्हणू नको. तिनं लावून घेतलंय, आणि तसं म्हटलं की लावून घेणं हीसुद्धा तिचीच चूक ठरते. आधी तुझं सांग: ‘मी तिथं होते आणि गप्प बसले. मी बोलायला हवं होतं.’ एवढं बोलून थांब. ती काही म्हणाली नाही तरी चालेल. थोडं पुढं गेल्यावर विचार, ‘फ्रिजपाशी उभी होतीस तेव्हा तुला काय दिसत होतं?’

हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारलाच नाही. ‘एवढा वेळ काय करत होतीस’ हे रागावणं झालं. त्याला उत्तर नसतं आणि ते कुणाला हवंही नसतं. दोन मिनिटांचा उशीर हे लक्षण आहे. आजार कुठला ते अजून तुला, मला आणि डॉक्टरांनाही माहीत नाही. फ्रिजला कुलूप असेल आणि चावी इन्चार्ज सिस्टरच्या खिशात असेल. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं म्हणून लशींच्या फ्रिजमध्ये कुठंतरी मागं सरकवलेलं असेल आणि तिला कुणी ती जागा कधी दाखवलीच नसेल. हातात दोन सारख्या दिसणाऱ्या अँप्युल आल्या असतील आणि चुकीची नेण्यापेक्षा ती लेबल वाचत उभी राहिली असेल. तसं असेल तर त्या खोलीतली सगळ्यात सावध माणूस तीच होती. किंवा नुसती घाबरून गोठली असेल, हेही खरंखुरं कारण आहे. या चारही गोष्टींवर चार वेगळे उपाय आहेत. ‘पेशंट गेली असती’ हे यातल्या एकावरही औषध नाही.

मी हे एवढ्या पोटतिडकीनं का लिहितेय ते सांगते. माझ्या नोकरीच्या पाचव्या वर्षी, मी तेव्हा ज्या दवाखान्यात होते तिथं, रात्रपाळीत एक बाळ गेलं. सकाळी आम्हाला ऑफिसमध्ये ओळीनं उभं केलं आणि पहिला प्रश्न आला, ‘ड्युटी कुणाची होती?’ माझी होती. ऑक्सिजनचा सिलिंडर संपत आलाय का हे मी संध्याकाळच्या सिस्टरला विचारलं नव्हतं, तिनं सांगितलं नव्हतं, आणि सांगायची काही पद्धतच तिथं नव्हती. त्यातलं एक अक्षर त्या ऑफिसात निघालं नाही. मला मेमो मिळाला, प्रकरण मिटलं, सिलिंडरची पद्धत होती तशीच राहिली. त्या दिवसानंतर रजिस्टरमध्ये वेळ लिहिताना आपली मान सुटते का हे मी आधी बघायला लागले. बरीच वर्षं बघत राहिले. त्या वर्षांत माझ्या हातून जे सुटलं, ते मी कुणाला सांगितलं नाही, म्हणून त्यातून कुणी काही शिकलंही नाही. तुझी ती पोरगी आज त्याच वळणावर उभी आहे.

एमी एडमंडसन नावाच्या अभ्यासक बाई आहेत. त्यांनी रुग्णालयांतल्या वॉर्डांवर केलेला एक अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. चांगल्या चाललेल्या वॉर्डात औषधांच्या चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या वॉर्डांत चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर कळलं की तिथं चुका जास्त होत नव्हत्या, बोलल्या जात होत्या. जिथं इन्चार्जची धास्ती होती तिथली कागदपत्रं स्वच्छ होती. डीब्रीफिंग घ्यायला बसशील तेव्हा हे मनात असू दे. सगळ्यांनी ‘काही अडचण नाही मॅडम’ म्हटलं तर खूश होऊ नको.

आता ड्रिलच्या दिवसाबद्दल.

दहा मिनिटांचं ड्रिल असेल तर त्यानंतरच्या बोलण्याला वीस मिनिटं तरी राखून ठेव, तीस मिळाली तर उत्तमच. पेशंट बघून उरलेला वेळ द्यायचा हे काम नाही. शिकणं होतं ते तिथंच. ड्रिलमध्ये फक्त धावपळ होते. हातमोजे काढून, हात धुऊन, पाणी पिऊन सगळ्यांना बसू दे. जमलं तर लेबर रूमच्या बाहेर बसा, खुर्च्या गोल मांडा आणि डॉक्टरांची खुर्ची टेबलामागं ठेवू नको. बाळंतीण झालेल्या सिस्टरलाही बरोबर घे. तिला खाटेवरून जे ऐकू आलं ते दुसऱ्या कुणालाच आलेलं नसतं. मी घेतलेल्या एका सत्रात अशी सिस्टर म्हणाली होती, ‘सगळे माझ्या पायाकडं बघत होते, माझ्याशी कोणी एक शब्द बोललं नाही.’ त्या वाक्यानं खोलीत जी शांतता पसरली तिच्यात पुस्तकाची दहा पानं होती.

सुरुवातीलाच सांगून टाक की इथं बसलेली प्रत्येक जण आपलं काम जाणते आणि चांगलं करू बघते, हे धरूनच आपण बोलणार आहोत. इथलं बोलणं इथंच राहील, सीआरमध्ये, म्हणजे नोकरीच्या गोपनीय अहवालात, जाणार नाही, हेही सांग. पण हे वचन देण्याआधी डॉक्टरांकडून ते कबूल करून घे. जे पाळता येणार नाही असं वचन एकदा दिलंस तर पुढची पाच वर्षं तुझ्यासमोर कोणी तोंड उघडणार नाही.

पहिली दोन-तीन मिनिटं नुसतं मन मोकळं होऊ दे. ‘कसं वाटलं?’ एवढंच विचार आणि सगळ्यांकडं बघ, एकीकडंच नको. छाती धडधडलेली असते, ती शांत झाल्याशिवाय डोक्यात काही शिरत नाही. मग घडलं काय ते कुणीतरी एकीनं थोडक्यात सांगावं: किती वाजता रक्त दिसलं, कुणी हाक मारली, गर्भाशयाचा मसाज कुणी सुरू केला, औषध कधी पोचलं. इथं मत नको, फक्त क्रम. हा क्रम सांगतानाच अर्ध्या गोष्टी आपोआप उघड्या पडतात, कारण प्रत्येकीच्या डोक्यातलं घड्याळ वेगळं चाललेलं असतं.

यानंतर खरा गाभा येतो. दोन गोष्टी निवड, फार तर तीन. तुझ्या वहीत वीस टिपलेल्या असतील, सतरा तशाच राहू देत. बोस्टनमध्ये सिम्युलेशन, म्हणजे अशा खोट्या केसवरचा सराव, शिकवणाऱ्या जेनी रुडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली यावर फार नेमकं लिहिलंय. त्यांचं म्हणणं असं की शिकवणारे दोन प्रकारे चुकतात. एक तर फटकारतात, नाहीतर मत पोटात ठेवून गोड गोड प्रश्न विचारत बसतात, आणि समोरच्याला ते पोटातलं मत बरोबर कळतं. त्यांनी सांगितलेली वाट अशी: तू काय पाहिलंस ते सांग, त्यावर तुला काय वाटलं तेही स्वच्छ सांग, आणि मग समोरचीच्या मनात काय चाललं होतं ते खऱ्या उत्सुकतेनं विचार.

आपल्या भाषेत ते असं होईल: ‘रक्त सुरू झाल्यावर तू फ्रिजकडं गेलीस ते मी पाहिलं. औषध यायला दोन मिनिटं लागली. मला काळजी वाटली, कारण अशा वेळी दोन मिनिटं फार असतात. तेव्हा तुझ्यासमोर काय होतं, सांगशील?’ यात उशीर झाकलेला नाही, तो सरळ बोललेला आहे. ‘छान केलात सगळ्यांनी, चला चहा घेऊ’ हे मला तितकंच नापसंत आहे. उशीर झाला हे त्या मुलीला सगळ्यांत आधी कळलेलं असतं. तो कुणी बोललंच नाही तर तिला वाटतं की हे तोंडावर सांगण्याइतकीही आपली किंमत उरली नाही.

एक शब्द मात्र टाळ: ‘का’. मराठीत ‘का केलंस’ म्हटलं की आई रागावल्यासारखं ऐकू येतं, आवाज कितीही मऊ असो. ‘काय दिसलं’, ‘काय ऐकू आलं’, ‘मनात काय आलं’ असं विचार. आणि विचारल्यावर गप्प राहा. मनात दहा आकडे मोज. ती शांतता तुला खाईल, तरी मोज. बहुतेक वेळा सातव्या-आठव्या आकड्याला कोणीतरी बोलतं.

भाषेचं सांगायलाच हवं, कारण ट्रेनिंगच्या पुस्तकात हे नसतं आणि आपल्या भागात ते रोजचं आहे. डॉक्टर कन्नडमधून सांगतात, केसपेपर इंग्रजीत, जांबोटी-कणकुंबीकडची बाळंतीण मराठी बोलते, तिची सासू कोकणी मिसळते, शेजारच्या खाटेवरची उर्दू. आपण पाचही भाषा सांभाळतो आणि त्याचा अभिमान आहे मला. पण घाबरलेलं माणूस एकाच भाषेत विचार करतं. त्या मुलीला ‘स्पष्टीकरण द्या’ म्हटलं तर तिला पुस्तकी वाक्य जुळवावं लागेल, आणि ते जुळेपर्यंत खरी गोष्ट निसटून जाईल. तिला घरच्यासारखं बोलू दे: ‘अक्का, मी चावी शोधायलो होतो की, मला काय सुचंनाच झालं.’ हे वाक्य जसंच्या तसं चालेल. कन्नडमधून बोलणारीनं कन्नडमधून बोलावं, जिला कळलं नाही तिला शेजारणीनं सांगावं. चार मिनिटं जास्त जातील, जाऊ देत.

औषध मागायची वेळ मात्र वेगळी. ‘ऑक्सिटोसिन तगोंड बा’ (घेऊन ये) असं हवेत सोडलेलं वाक्य कुणाचंच नसतं. प्रत्येकीला वाटतं दुसरी गेली. नाव घेऊन सांगायचं, ऐकणारीनं औषध आणि डोस मोठ्यानं परत म्हणायचं, आणि दिल्यावर ‘दिलं’ म्हणायचं. औषधाचं नाव आणि आकडा सगळ्या भाषांत एकच ठेवा. तुमच्या ड्रिलमध्ये त्या मुलीला नाव घेऊन पाठवलं होतं का, हे मला तुझ्या पत्रावरून कळलं नाही. हे जरूर आठवून बघ.

आणखी एक गोष्ट करून बघ, मला ती फार आवडते. ड्रिल संपताच, बोलणं सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांना चिठ्ठी दे आणि प्रत्येकीनं किती रक्त गेलं त्याचा अंदाज लिहायचा. डॉक्टरांनीही. मग पिशवीतून खरंच किती पाणी गेलं ते मोजून दाखव. आकडे बहुतेक कमी निघतील, आणि सगळ्यांचेच निघतील. हे मी हवेत बोलत नाही. आपल्या बेळगावातच यावर काम झालंय. बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी ठेवून मोजलेलं रक्त आणि नजरेनं केलेला अंदाज यांची तुलना करणारा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला, त्यात नजरेचा अंदाज जवळजवळ ३३ टक्क्यांनी कमी भरला. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांतला दुसरा मोठा अभ्यास आला. १,६२० बायका, आणि गोळी देणाऱ्या होत्या आपल्या एएनएम, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविका. मिसोप्रोस्टॉल ही रक्तस्राव रोखायची गोळी दिल्यावर जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. त्या अभ्यासातही रक्त मोजलं ते अशाच पिशवीनं. पुढं २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० रुग्णालयांतला अभ्यास आला. त्यातल्या ज्या रुग्णालयांनी अशीच खुणांची पिशवी आणि मसाज, औषधं, सलाईन, तपासणी हे सगळं एकदम सुरू करायची पद्धत वापरली, तिथं गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी दिसले. जगभर ज्याची चर्चा झाली, त्याची एक मुळी आपल्या लाल मातीत आहे, हे तुझ्या पोरींना सांग. त्यांच्या खांद्यांत फरक पडलेला तुला दिसेल.

चिठ्ठ्यांचा दुसरा फायदा असा की डॉक्टरांचा आकडाही चुकतो, आणि तो चुकला तरी आभाळ कोसळत नाही हे सगळ्यांना दिसतं.

डॉक्टरांकडं आता येते. तू लिहिलंस ते वाईट नाहीत, मी मानते. ते वाक्य त्यांनी दुष्टपणानं टाकलं नसेल. त्यांनाही कधीतरी कुणीतरी असंच शिकवलं असेल. शिवाय उद्या खरंच काही झालं तर नातेवाईकांसमोर उभं राहायचं असतं त्यांना, ती भीती अशी बाहेर येते. म्हणून सगळ्यांसमोर त्यांना सुधारायला जाऊ नको. ड्रिलच्या दोन-तीन दिवस आधी, ओपीडी सरल्यावर, केबिनमध्ये जाऊन दोनच गोष्टी माग. ‘सर, यावेळी तुम्ही शेवटी बोलाल का? तुम्ही आधी बोललात की पोरी तेच परत म्हणतात, त्यांचं खरं काय ते कळत नाही.’ आणि दुसरी, ‘सुरुवातीला तुमचं स्वतःचं एक सांगाल का, तुम्हाला कुठल्या क्षणी सुचलं नाही?’ दुसरी गोष्ट मागताना तुझी जीभ अडखळेल. तरी माग. वरचा माणूस एकदा ‘मलाही डोस आठवेना’ म्हणाला की खालच्या दहा जणींची कुलपं उघडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ते नाही म्हणाले तर नुसती पहिली गोष्ट पक्की कर.

आणि तरीही मध्येच ते वाक्य आलंच, ‘पेशंट गेली असती’, तर गप्प राहू नको. भांडूही नको. म्हण, ‘होय सर, उशीर गंभीर होता. म्हणूनच तो कशामुळं झाला ते आत्ता काढूया,’ आणि वळून त्या मुलीला नव्हे, सगळ्यांना विचार, ‘औषध मागितल्यापासून मिळेपर्यंत मध्ये काय काय आलं?’ एकीच्या खांद्यावरचं ओझं दहा जणींत वाटलं जातं आणि डॉक्टरांचा मुद्दाही पडत नाही.

शेवटी प्रत्येकीकडून एकच गोष्ट घे, उद्याच्या ड्युटीला ती काय वेगळं करणार. ‘काळजी घेईन’ चालणार नाही. ‘ड्युटीवर आल्या आल्या ट्रे बघेन’ चालेल. ज्या गोष्टी तुमच्या हातातल्या नाहीत, कुलूप, जागा, पिशव्यांचा साठा, त्या एका कागदावर लिहून डॉक्टरांकडं द्या. पुढच्या ड्रिलला तोच कागद पहिल्यांदा काढायचा.

एक गोष्ट अशी घडू शकते ज्याची तयारी ठेव. लाल पाणी बघून एखाद्या सिस्टरला तिच्या हातातून गेलेली खरी बाळंतीण आठवेल. अशी आठवण गोलात बसून उकरायची नसते. तिला बाहेर घेऊन जा, पाणी दे, बाकीच्यांना दुसरी कोणी सांभाळेल. झोप उडाली, ड्युटी नकोशी झाली असं आठवडाभर चाललं तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर दे. तिथं मराठीत बोलता येतं आणि कन्नडमध्येही. तुझ्या त्या मुलीलाही तो देऊन ठेव. आत्ता लागेल म्हणून नाही, असा नंबर असतो हे तिला माहीत असावं म्हणून.

तिची ड्युटी बदलू की नको, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. महिनाभर बदलून दे, आणि पुढच्या ड्रिलला तिला बाळंतीण कर. तिला काही धावायचं नाही, फक्त पडून ऐकायचं. नंतर गोलात सगळ्यांआधी तिलाच विचार, तिथून काय दिसलं. ती आपणहून म्हणाली की पुढच्या वेळी औषध मी आणते, तर आणू दे. नाही म्हणाली तर आणखी एक ड्रिल जाऊ दे.

तुझं दोन दिवसांचं ट्रेनिंग पुरेल का, अशी धाकधूक तुझ्या पत्रात ओळीओळीत आहे. पहिलं डीब्रीफिंग कुणाचंच नीट होत नाही. माझ्या पहिल्या वेळी वीस मिनिटांतली पंधरा मीच बोलले होते. तुझ्याही वहीत किती बोललीस ते नंतर लिहून ठेव आणि दुसऱ्या वेळी त्याच्या निम्मं बोल.

आणि हो, महिनाभर थांबू नको, उद्या ड्युटीवर गेलीस की आधी त्या फ्रिजपाशी जाऊन उभी राहा. घड्याळ लावून ऑक्सिटोसिन काढून बघ. किती वेळ लागला ते मला कळव, आणि चावी कुठं होती तेही.

— अक्का